कोपऱ्यात खेळणारीचं कोपर

बरगडी दुखावली आहे हे मैदानावर कळलंच नव्हतं. ते रात्री कळलं. सासूबाईंनी वांग्याच्या भाजीला लाल मिरचीची फोडणी दिली, मला ठसका लागला आणि पहिल्याच खोकल्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या खोकल्याला मी ओट्याची कड धरून खाली बसले. "काहून बसली वं अशी?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तोच घेता येत नव्हता.

मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि रेशीमबागेकडच्या एका मैदानावर पोरींना कबड्डी. वय एकोणचाळीस, खेळायची जागा डावा कोपरा. मे महिन्यात नागपुरात शिबिर घ्यायचं तर पहाटे साडेपाचला. आठ वाजले की मैदानाचा तवा होतो. त्या दिवशी साखळी, म्हणजे एकमेकींचे हात धरून अडवणाऱ्या बचावपटू, कशी तोडायची ते दाखवायला मी स्वतः चढाई केली. चौघी अंगावर आल्या आणि त्यातल्या एकीचा गुडघा माझ्या छातीखाली डावीकडे बसला. उठले, माती झटकली, आणखी पाऊण तास शिकवलं. अंग गरम असेतो दुखत नाही, हे कुठलाही खेळाडू सांगेल.

एकोणीस दिवसांनी त्याच बाजूचं कोपर गेलं, आणि तेही या बरगडीपायीच. दोन्ही मिळून मे ते अर्धा ऑगस्ट खाल्ला. पण या काळात माझा सराव सलग पाच दिवसांहून जास्त कधी बंद पडला नाही. ते कसं जमलं, कुठे चुकलं आणि आत शरीर काय करत होतं, हे पोरी आणि त्यांच्या आया अजून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही. तपासणी डॉक्टरांकडेच करायची. तिथून घरी आल्यावर जे महिने काढायचे असतात त्यांच्याबद्दल हे आहे.

सुट्टी नसलेला पिंजरा

बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. मागे सगळ्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या. पुढे मात्र प्रत्येकीची सोय वेगळी. वरच्या सात जोड्या कूर्चेच्या तुकड्यानं थेट छातीच्या मधल्या हाडाला भिडतात. आठवी, नववी, दहावी तिथवर पोचत नाही. तिची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटते, गर्दीच्या बसमध्ये दांडा न मिळालेला माणूस पुढच्याच्या खांद्याला धरतो तशी. अकरावी आणि बारावी पुढे कुठेच टेकत नाहीत. मला लागलं ते आठवी-नववीच्या पुढच्या टोकाला, जिथे हाड संपून कूर्चा सुरू होते तिथे.

कूर्चा कशी असते ते नाकाचं टोक दाबून पाहा. लवचीक, पण हाडाचा भाग वाटावा अशी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भोवतालच्या आवरणातून जे झिरपून येईल त्यावर तिचं पोषण चालतं. म्हणून कूर्चेची दुखापत हाडापेक्षाही रेंगाळते. हाडाची साधी चीर सहसा सहा आठवड्यांत सांधते. कूर्चेचा ठणका दोन-तीन महिनेही सोबत करू शकतो, आणि तेवढ्यानं काही बिघडलंय असं समजायचं कारण नसतं.

आता खरी अडचण. वर्गात मी मुलांना श्वास मोजायला लावते. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण पंधरा होतात. पंधरा गुणिले साठ गुणिले चोवीस करा: २१,६००. अजपाजपाच्या, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाच्या, संदर्भात जुनी माणसं सांगतात तोच हा आकडा. घोटा मुरगळला तर तो उशीवर ठेवून देता येतो. बरगडीला मात्र दिवसातून २१,६०० वेळा हलावंच लागतं, त्यात शिंक, उचकी, हसू हे वेगळं. पोरींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम हसवायचं नाही असं ठरवलं, आणि त्या ठरवण्याचंच मला इतकं हसू आलं की मी दोन्ही हातांनी कुशी दाबून धरली.

दुखतं म्हणून माणूस आपोआप उथळ श्वास घेतो, आणि धोका तिथेच असतो. फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडला नाही तर तिथे कफ साचतो आणि कफ साचला की न्यूमोनियाला आमंत्रण. सासूबाईंनी त्या रात्री जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधून दिली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पूर्वी डॉक्टरही बरगड्यांना अशा पट्ट्या बांधत. आता बांधत नाहीत, कारण बांधलेली छाती फुगत नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते पट्टी सोडायचं. "आईंना सांगा, माया पट्टीत नको, उशीत दाखवा," ते म्हणाले. म्हणजे खोकला-शिंक येतेय असं वाटलं की उशी दुखऱ्या जागेवर घट्ट दाबायची आणि मग खोकायचं. पुढचे दोन आठवडे घरात मी जाईन तिथे एक उशी जात होती. स्वयंपाकघरात फोडणी टाकण्याआधी "टाकू का वं?" अशी हाक यायची, मी उशी धरायची, मग चुर्र.

शिवाय दर तासाला दहा खोल श्वास. औषधाच्या दुकानात तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं. नळीतून हवा ओढली की चेंडू वर चढतात. पहिल्या दिवशी माझा एकच चेंडू कसाबसा उठला. सातव्या दिवशी दोन. वेदनेची गोळी या दिवसांत घ्यायची ती याचसाठी, म्हणजे खोल श्वास घेता यावा म्हणून. खेळता यावं म्हणून घ्यायची नाही. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं, डोक्यात मात्र फार उशिरा शिरलं.

एक्स-रेत काही दिसलं नाही. याचा अर्थ काही झालं नाही असा होत नाही; बरगडीची बारीक चीर साध्या एक्स-रेत बऱ्याचदा निसटते आणि कूर्चा तर त्यात दिसतच नाही. मग काढायचा कशाला? डॉक्टर मुख्यतः फुफ्फुस पाहत असतात, कुठे हवा गळून ते आकसलंय का, रक्त साचलंय का. तसं काही नसेल तर मुका मार असो की चीर, उपचार तोच राहतो. पण काही लक्षणं अशी आहेत की तिथे उशी-बिशीच्या भानगडीत न पडता थेट मेडिकल नाही तर मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांचं कॅज्युअल्टी गाठायचं. बसल्या जागी धाप लागणं, थुंकीत रक्त, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, लघवीत रक्त. डावीकडे खालच्या बरगड्यांना लागून पोट दुखायला लागलं, चक्कर आली किंवा डावा खांदाच विनाकारण दुखू लागला, तर त्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते हे लक्षात ठेवा. उजवीकडे यकृत. प्लीहा फाटली तर आत रक्तस्राव होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

या दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास स्कूटरनं दिला. घर ते शाळा या वाटेवर नऊ गतिरोधक आहेत. मी ते बरगडीनं मोजलेत.

मग कोपर

चौदाव्या दिवसापर्यंत चालताना दुखणं थांबलं होतं. अठराव्या दिवशी कुशीवर वळता यायला लागलं. एकोणिसाव्या दिवशी शिबिराचा समारोप, त्यात आजी-माजी मुलींचा प्रदर्शनी सामना. मी सामन्याच्या पाऊण तास आधी सूज-वेदनेची एक गोळी घेतली आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहिले. काहीच दुखलं नाही.

गोळीनं वेदना गप्प होते, अंगाची सवय जात नाही. अडीच आठवडे मी डावा हात कुशीशी धरून वावरत होते. मैदानातही तो तिथेच होता. पडताना हात टेकायचा नाही, अंग गोळा करून खांद्यावरून लोळण घ्यायची, हे मी पोरींना रोज ओरडून सांगते. पण डाव्या अंगावर लोळायचं तर बरगडीवरून जायला हवं, आणि शरीरानं ते परस्पर नाकारलं. तळहात मातीला लागला, हात ताठ होता, वरून एका मुलीचं वजन आलं आणि कोपर वाकायचं त्याच्या उलट दिशेला गेलं. टक् असा आवाज मला ऐकूही आला आणि जाणवलाही. कोपऱ्यात खेळणारीचं कोपर गेलं, हा विनोद पोरींनी त्यानंतर आठवडाभर पुरवून वापरला.

कोपर म्हणजे एक बिजागरी आणि शेजारी एक फिरकी. दंडाचं हाड वरून येतं. खालच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं हाड त्याला आकड्यासारखं कवेत घेतं; वाकणं आणि सरळ होणं इथे चालतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड स्वतःभोवती फिरतं, म्हणून आपण कुलपात किल्ली फिरवू शकतो. हात पूर्ण सरळ केला की तो आकडा दंडाच्या हाडामागच्या खाचेत जाऊन टेकतो. तिथे दार संपलं. त्याच्या पलीकडे जोर लावला तर पुढचं आवरण आणि आतल्या बाजूचं अस्थिबंधन ताणतं किंवा फाटतं. त्याच आतल्या कोपऱ्यातून करंगळीकडे जाणारी नस जाते. टेबलाची कड लागली की झिणझिण्या आणते ती हीच. दुखापतीनंतर करंगळी बधिर राहिली तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी सोपी आणि कामाची आहे. दोन्ही हात समोर, तळवे वर, आणि कोपरं पूर्ण सरळ करायची. दुखरं कोपर चांगल्याइतकं सरळ झालं तर हाड मोडलं असण्याची शक्यता बरीच कमी, शून्य नव्हे. सरळ होत नसेल तर एक्स-रे टाळायचा नाही. माझं जवळपास तीस अंश अलीकडेच अडकलं. एक्स-रेत डॉक्टरांनी हाडाआधी हाडामागची सावली पाहिली. सांध्यात रक्त साचलं की आतली चरबी जागची सरकते आणि काळसर पट्टा दिसू लागतो. चीर दिसत नसली तरी तो पट्टा चुगली करतो. माझ्यात तो नव्हता. अस्थिबंधन ताणलं होतं, पूर्ण तुटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी शेजारचे एक काका आले. मालीश करतात, हात चांगला आहे, माझ्या पाठीला त्यांनीच दोनदा मोकळं केलंय. "थोडं चोळून देतो बाई, झटका देल्ला का मोकळं होऊन जाईन." तेलाची वाटी गरम होऊन आली होती. मी हात पुढे करणारच होते.

आपल्याकडे हे घराघरांत होतं, म्हणून जरा थांबून सांगते. कोपराच्या पुढच्या बाजूला दंडाच्या स्नायूखाली आणखी एक जाड स्नायू थेट सांध्यावर बसलेला असतो. सांध्याला मार बसतो तेव्हा तोही फाटतो, त्यात रक्त साचतं. त्या अवस्थेत जोरानं चोळलं, झटका दिला, ओढून सरळ केलं, तर फाटलेलं आणखी फाटतं आणि काही जणांत शरीर गोंधळून त्या स्नायूतच हाड तयार करायला लागतं. अक्षरशः हाड; काही आठवड्यांनी एक्स-रेत पांढरं दिसतं. मग कोपर ना सरळ होत ना वाकत, आणि कधीकधी शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाते. काकांना चहा दिला आणि पाठीचं पुढे कधीतरी बघू म्हटलं. पाठीला त्यांचा हात मी आजही देईन. ताज्या कोपराला देणार नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच महाग पडते. कोपर हा फार लवकर आखडणारा सांधा आहे. साधं अस्थिबंधन ताणलेलं असताना तीन-तीन आठवडे ते बांधून ठेवलं तर दुखापत बरी होते आणि हात वाकडा राहतो. मला पाच दिवस झोळी होती. सहाव्या दिवसापासून दिवसातून पाच-सहा वेळा, दुसऱ्याचा हात न लावता, स्वतःच्या ताकदीनं जितकं होईल तितकं वाकवणं आणि सरळ करणं. पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य धरला, तर रोजच्या बहुतेक कामांना कोपर तीस ते एकशेतीस अंशांपर्यंत चाललं की भागतं. वेणी घालायला मात्र वरच्या टोकाचे अंश लागतात. सव्वा महिना माझी वेणी मुलीनं घातली, रोज वेगळीकडे वाकडी.

दोन्ही दुखापती एकाच बाजूला असण्याची गंमत अंथरुणातून उठताना कळते. बरगडी म्हणते कुशीवर वळ आणि कोपरावर भार देऊन ऊठ. कोपर म्हणतं माझ्यावर नको. शेवटी उजव्या कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, त्यांच्या वजनानं धड वर येतं, उजव्या हाताचा टेकू. हे शोधायला मला तीन सकाळी लागल्या. पलंगाची बाजू बदलली, नवऱ्याला भिंतीकडे पाठवलं.

एकोणिसाव्या दिवशी आत काय होतं

माझी चूक नेमकी कुठे होती हे नागपूरकराला समजवणं सोपं आहे. गेली काही वर्षं आपण सिमेंट रोडच बघतोय. काँक्रीट ओतलं की दुसऱ्या दिवशी त्यावर कुत्रं चालून जातं, ठसाही उमटत नाही. तरी ठेकेदार त्यावर ओलं बारदान टाकून ठेवतो, कठडे लावतो आणि आपण वळसा घालून शिव्या देत जातो. पक्केपणा मोजायचा हिशेब २८ दिवसांचा असतो. वरून टणक दिसणं आणि ट्रक पेलणं यांत बरंच अंतर आहे.

शरीरातही तसंच. पहिले काही दिवस सूज, साफसफाई. मग दोन-चार आठवडे नवे तंतू भराभर टाकले जातात, पण आडवेतिडवे, पातळ, घाईघाईनं. त्यानंतर कित्येक महिने ते तंतू बदलले जातात, जाड होतात, ओढ येते त्या दिशेनं रांगेत लागतात. वेदना बहुधा दुसऱ्या टप्प्यातच ओसरते. म्हणजे दुखायचं थांबतं तेव्हा जोडणी कच्चीच असते. मी बारदान उचलून ट्रक नेला.

पण सिमेंटची उपमा इथेच सोडून द्यायला हवी. सिमेंटला हलवायचं नसतं. जिवंत ऊतीला थोडी ओढ हवी असते, नाही तर तंतूंना कोणत्या दिशेनं रांग लावायची हे कळत नाही. हाडाबद्दल हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं होतं: ज्या भाराची सवय लागते त्याप्रमाणे हाड स्वतःची घडण बदलतं. अस्थिबंधन आणि स्नायूबंधाचंही साधारण असंच. दुखापतीत सराव चालू ठेवण्याचं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. भार हवा, पण त्या आठवड्याच्या जोडणीला पेलेल एवढाच.

बर्फाचंही इथेच उरकते. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंच ठेवणं हा चौपदरी सल्ला अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केला. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं, कारण सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. मी पहिले दोन दिवस, कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, फक्त ठणका कमी व्हावा म्हणून लावला.

आणि गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात. घाम गळून शरीर कोरडं पडलेलं असताना त्या मूत्रपिंडांवर ताण देतात. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, मैदानावर जायच्या आधी अशी गोळी घेणं हा त्या दिवशीचा माझा दुसरा मूर्खपणा होता. त्याची शिक्षा झाली नाही, एवढंच.

सराव म्हणजे काय काय उरतं

दुखापत एका जागेला होते आणि आपण सुट्टी सगळ्या अंगाला देतो. फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी मला वही काढायला लावली. सरावातली प्रत्येक हालचाल लिहायची आणि पुढे लिहायचं की तिचा भार कुठे जातो. बैठका: मांड्या. चवड्यावरचं पदलालित्य: पोटऱ्या, आणि डोळे. दंड: कोपर आणि बरगडी दोन्ही, फुली. पोटाचे व्यायाम, अंग पिळणं: बरगडी, फुली. धावणं: पाय ठीक, पण धाप लागते, हादरे बसतात, सध्या फुली. यादी संपली तेव्हा फुल्या निम्म्याही नव्हत्या.

म्हणून पाचव्या दिवसापासून मैदानाला फेऱ्या, चालत. दहाव्या दिवसापासून हातात वजन न घेता बैठका, श्वास न रोखता. व्यायामशाळेतली जागच्या जागी चालणारी सायकल बरगडीसाठी उत्तम, कारण धड स्थिर राहतं आणि दम हवा तेवढाच वाढवता येतो. कोपर गेल्यावरही हे सगळं तसंच चालू राहिलं. डावा कोपरारक्षक पायांवर जगतो. त्या अडीच महिन्यांत माझे पाय आधीपेक्षा चांगले झाले असं पोरीच म्हणतात.

उजव्या हातानं डंबेल मारणं चालू ठेवायला मॅडमनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, एक बाजू फुगेल आणि मी खेकड्यासारखी दिसेन. पण एका हाताच्या सरावाचा थोडा लाभ न हलवलेल्या दुसऱ्या हातालाही मिळतो. १८९४ मध्ये येल विद्यापीठात हे पहिल्यांदा मोजलं गेलं. स्नायू वाढतो तो सराव करणाऱ्याच बाजूचा. मेंदू आणि नसांची जी तालीम होते ती मात्र दोन्हीकडे पोचते. बांधलेला हात त्यामुळे कमी खचतो.

डाव्या हाताची सुरुवात दाराच्या चौकटीपासून. कोपर काटकोनात, मूठ चौकटीला लावून दाबायचं, हात हलू द्यायचा नाही. चौकट तर हलणारच नाही. दहा मोजायचे, सोडायचं. दोन आठवड्यांनी लाटणं. एका टोकाला धरून हात मांडीवर टेकवायचा आणि ते सावकाश डावीकडे-उजवीकडे पाडायचं. टोकाला धरल्यानं लाटण्याचं इतकंसं वजनही मनगटाला बरंच वाटतं. जड करायचं असेल तर हातोडी.

त्यानंतर आला कूलर. नागपुरात जूनचा पहिला पंधरवडा कूलरशिवाय निघत नाही आणि आमच्या कूलरला नळी पोचत नाही, बादलीनं भरावा लागतो. बादली उचलून ती कमरेच्या वर नेऊन तिरकी करणं यात कोपर आणि बरगडी एकाच वेळी लागतात, म्हणून पहिला महिना हे काम मला बंद होतं. मग मॅडमनी त्याचाच व्यायाम केला. आधी लोटा. मग पाव बादली, दोन्ही हातांनी, अंग न पिळता पावलं वळवून. मग अर्धी. बादलीच्या आत मुलीनं खडूनं रेघा मारल्या होत्या. ओल्यात खडू टिकत नाही, त्यामुळे त्या रोज नव्यानं मारल्या जात आणि रोज थोड्या वर सरकत.

किती पुढे जायचं हे ठरवायला एकच नियम वापरला. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी: उठल्यावर वेदना आणि आखडलेपणा कालच्याइतकाच किंवा कमी असेल तर तोच भार ठेवा किंवा किंचित वाढवा. जास्त असेल तर कालचं जास्त झालं, एक पायरी खाली. वहीत रोज एक ओळ. एकदा मी अर्ध्या बादलीच्या सहा फेऱ्या केल्या, करताना दोन गुण, सकाळी पाच. त्या ओळीपुढे "हावरट" असं लिहिलेलं आहे, अक्षर मुलीचं.

दंड सगळ्यात शेवटी परत आले. आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग मैदानावरच्या बाकाला, मग जमिनीवर गुडघे टेकून. प्रत्येक पायरीला आठवडा-दीड आठवडा. ओट्याच्या पायरीला सासूबाई शेजारी कणिक मळत असत आणि मोजत असत, आणि त्यांचे आकडे नेहमी माझ्यापेक्षा कमी यायचे.

परतायची घाई करणाऱ्यांना मी २००४ ची आठवण देते. टेनिस एल्बोमुळे सचिन तेंडुलकर ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने खेळला नव्हता. तो परतला तो आपल्या नागपुरात, सदरच्या जुन्या मैदानावर, ऑक्टोबरमध्ये. ८ आणि २ धावा. भारत ३४२ धावांनी हरला. त्याला खेळपट्टीवरचं हिरवं गवत जास्त जबाबदार होतं, कोपराच्या माथी सगळं मारणं बरोबर नाही. पण त्याच कोपराची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी, २००५ मध्ये करावी लागली हेही खरं. टेनिस एल्बो माझ्या दुखापतीहून वेगळा, तो बाहेरच्या बाजूच्या स्नायूबंधाचा झिजेचा आजार. तरी जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाच्या कोपरालाही जो वेळ लागायचा तो लागला.

अंगाला अंग भिडवायच्या आधी बरगडीची परीक्षा काय घ्यायची? खोल श्वास, जोरात खोकला, त्या कुशीवर झोपणं, जमिनीवर दंड, हे सगळं न दुखता व्हायला हवं. मी त्यात आपली एक घातली. चढाई तीस सेकंदांची असते. ताठ उभं राहून एका दमात तीस सेकंद मोठ्यानं "कबड्डी कबड्डी" म्हणायचं आणि शेवटच्या पाच सेकंदांत कंबर दोन्हीकडे वळवायची. दम संपत येतो तेव्हा बरगड्यांमधले स्नायू शेवटचं पिळून काढतात, आणि लपलेलं दुखणं तिथे सापडतं. जुलैच्या मध्यावर मी बावीस सेकंदांना थांबले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीस झाले. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी नवऱ्याला विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना.

कोपराची परीक्षा: दोन्ही हात सारखे सरळ, सारखे वाकतात, आणि डाव्याचा जोर उजव्याच्या जवळपास. मग गादीवर एकटीनं पडायचा सराव, लोळण डावीकडूनच, वीस-वीस वेळा, कारण ती सवय मोडली होती म्हणूनच सगळं रामायण झालं. मग अर्ध्या वेगानं, एकाच ओळखीच्या मुलीसोबत. शिवाय चिकटपट्टी: कोपर किंचित वाकवून त्याच्या पुढच्या बाजूला फुलीसारखे पट्टे, म्हणजे शेवटचे दहा-पंधरा अंश सरळ होण्याआधीच ती ओढून धरते. पट्टी ताकद देत नाही, आठवण देते. घामानं ती अर्ध्या तासात ढिली पडते, तेव्हा सामन्याच्या मध्यंतरात बदलावी लागते.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण वेगानं चढाई केली. जिचा गुडघा मे महिन्यात लागला होता ती उजव्या कोपऱ्यात होती. मी मध्यरेषेवर दम सुरू करणार एवढ्यात तिनं हात वर करून थांबवलं.

"ताई, पयले सांगा, कोन्त्या बाजूनं धरू?"

"चढाईपटूला असं विचारतात का?"

"नाई जी, पन तुमच्या घरच्या आईनं सांगतलं, विचारून धरजो म्हणून."

मी उजवी बाजू दाखवली. तिनं डावीकडून घोटा धरला आणि मला मध्यरेषेच्या दोन हात अलीकडे पाडलं.